हौसेला मोल असतं: पहिल्या पगारात बचत आणि स्वतःवरचा खर्च कसा बसवायचा

२०१४ च्या एप्रिलमध्ये मला पहिली नोकरी लागली. हातात १८,००० यायचे. बार्शीहून पुण्यात आले होते, कर्वेनगरात कॉट बेसिसवर (सामायिक खोलीत एका कॉटचं भाडं देऊन) राहत होते आणि पगारातले अर्धे, म्हणजे ९,००० रुपये, दर महिन्याला बँकेच्या आरडीत (आवर्ती ठेवीत) टाकत होते. कॉटचे ३,५००, मेसचे २,२००. उरलेल्या ३,३०० मध्ये पीएमटी, साबण, रिचार्ज आणि घरी जायचं तिकीट. मैत्रिणी रविवारी मिसळ खायला निघाल्या की माझं पोट हमखास बिघडलेलं असायचं. दिवाळीला घरी गेले तेव्हा आईनं दारातच माझ्या पायांकडे पाहिलं. "अगं, एवढं कमावतीस आन् चपलेला पिन?" चपलेचा अंगठा खरोखरच सेफ्टी पिननं जोडलेला होता.

पुण्यात परतले आणि त्याच आठवड्यात आरडी मोडली. सात हप्त्यांचे ६३,००० हातात आले. २१,००० चा फोन, बूट, दोन ड्रेस, एक महाबळेश्वर. मार्चपर्यंत खात्यात काही उरलं नव्हतं. त्यातले निम्मे पैसे नेमके कशावर गेले, हे मला तेव्हा विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं.

हौसेला मोल नसतं, असं आपण म्हणतो. माझ्या मते सगळी गडबड तिथेच होते. मोल न ठरवलेली हौस आधी दाबली जाते आणि मग एक दिवस उसळून येते. तिचा आकडा आधीच ठरवला की बचतही टिकते. पुढच्या पायऱ्या पहिल्या-दुसऱ्या नोकरीतल्या, भाड्यानं राहणाऱ्या आणि जमेल तसे घरी पैसे पाठवणाऱ्यांसाठी आहेत. क्रेडिट कार्डाचं देणं थकलं असेल तर पायरी ५ मधला कर्जाचा भाग आधी वाचा.

पायरी १: पगाराची स्लिप समजून घ्या

ऑफर लेटरवरचा आकडा आणि खात्यात येणारा आकडा यांत बरंच अंतर असतं. एक हिशोब करून पाहू. वर्षाला ४ लाख २० हजारांचं पॅकेज, म्हणजे महिन्याला ३५,०००. त्यात बेसिक, म्हणजे मूळ पगार, १७,५०० धरा. बेसिकच्या १२ टक्के पीएफ (भविष्य निर्वाह निधी) तुमच्याकडून कापला जातो, म्हणजे २,१००. कंपनी तेवढेच भरते, पण बहुतेक ठिकाणी तेही पॅकेजमध्येच धरलेले असतात. ग्रॅच्युइटीचे (बरीच वर्षं काम करून नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, तीही पॅकेजमध्येच) साधारण ८४० आणि व्यवसाय कराचे २००. हातात येतात जेमतेम २९,७००. (व्यवसाय कर महाराष्ट्रात फेब्रुवारीत ३०० कापतात, त्यामुळे त्या महिन्यात १०० कमी आले म्हणून एचआरला मेल करू नका, मी केला होता. महिलांना २५,००० पर्यंतच्या पगारावर हा कर नाही.) काही कंपन्या पीएफ १५,००० च्या मर्यादेवरच कापतात, तिथे १,८०० जातात आणि हातात थोडे जास्त येतात.

याचा बचतीशी संबंध असा. तुमचे २,१०० आणि कंपनीचे २,१०० हे तुमच्याच नावावर जातात. कंपनीच्या वाट्यातले १,२५० पेन्शनच्या खात्यात, बाकीचे २,९५० पीएफमध्ये. २०२४-२५ साठी त्यावर ८.२५ टक्के व्याज जाहीर झालं. म्हणजे हातात पगार पडायच्या आधीच तुमची बचत सुरू झालेली असते. "या महिन्यात काहीच मागे पडलं नाही" म्हणून कपाळाला हात लावणाऱ्या कितीतरी जणांनी पीएफचं पासबुक उघडूनच पाहिलेलं नसतं. उमंग ॲपवर ते दिसतं. नोकरी बदलताना मात्र ते पैसे काढू नका, त्याच यूएएनवर (पीएफच्या कायमच्या क्रमांकावर) नव्या कंपनीत वळवून घ्या. नोकरी सोडली की पीएफ काढून गोव्याला जाणारे मी पाहिले आहेत. गोवा छानच आहे, पण त्याचे पैसे पायरी ४ मधून यायला हवेत.

पायरी २: एक महिना फक्त लिहा

काहीही कमी करायचं नाही. नेहमीसारखं वागायचं आणि लिहायचं. यूपीआयमुळे पूर्वीसारखं पाकीट हलकं झाल्याचं जाणवत नाही. २० चा चहा, ४० ची रिक्षा, ९९ चं कसलंतरी सबस्क्रिप्शन, सगळं एकाच 'टिंग' आवाजात जातं. रात्री झोपण्याआधी ॲपमधली त्या दिवसाची यादी वहीत उतरवा. रोख दिलेलेही आठवून लिहा.

महिना संपला की प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एक शब्द लिहायचा: लागलं, आवडलं, उगाच.

'लागलं' म्हणजे भाडं, मेस, औषध, बस. 'आवडलं' म्हणजे ज्याची आठवण महिनाअखेरीलाही चांगली येते. 'उगाच' म्हणजे जे वाचून "हे कधी घेतलं?" असं वाटतं. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेलेले ६५० रुपये 'आवडलं' मध्ये आले. ऑफिसच्या खालच्या टपरीवर, भूक नसताना, केवळ सगळे निघाले म्हणून खाल्लेल्या क्रीमरोल-सँडविचचे १,१०० रुपये 'उगाच' मध्ये आले. आणि महिनाभर मी स्वतःला वाढदिवसाबद्दल बोल लावत होते!

कात्री फक्त 'उगाच' ला लावायची. बचत करायला निघालेला माणूस नेमकं उलटं करतो. आवडीचं दिसतं, ठळक असतं, म्हणून ते आधी कापतो. उगाचचं बारीक असतं, ते तसंच चालू राहतं.

पायरी ३: आधी अडीनडीचे पैसे, मग बाकीचं

अडीनडीचा पहिला टप्पा छोटा ठेवा: एका महिन्याचं भाडं, एका महिन्याची मेस आणि अचानक घरी जावं लागलं तर तिकीट. एवढं जमलं की झोप बरी लागते. मग सावकाश तीन महिन्यांच्या खर्चापर्यंत न्या. हे पैसे पगाराच्या खात्यात ठेवू नका, तिथे ते दिसत राहतात. दुसऱ्या बँकेत साधं बचत खातं काढा, त्याला यूपीआय जोडू नका.

बँक निवडताना एक गोष्ट लक्षात ठेवा. बँकेतल्या ठेवींना एका बँकेत एका ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत विमा असतो. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये १ लाखावरून ५ लाखांवर गेली. पतसंस्थेतल्या ठेवींना हा विमा नाही. आपल्याकडे गावोगावी पतसंस्था आहेत, त्यातल्या पुष्कळ चांगल्या चालतात, संचालक ओळखीचे असतात आणि व्याज अर्धा-एक टक्का जास्त मिळतं. तरीही अडीनडीचे पैसे तिथे नकोत. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदारांना सहा महिन्यांसाठी मिळून फक्त १,००० रुपये काढता येत होते, आणि ती तर रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालची बँक होती.

याच पायरीत आरोग्य विमा. कंपनीचा मेडिक्लेम नोकरी सुटली की संपतो, त्यामुळे तिशीच्या आत स्वतःची छोटी पॉलिसी घेतलेली बरी, हप्ता कमी बसतो. बँकेतून मिळणारा वर्षाला २० रुपयांचा अपघात विमा (सुरक्षा विमा योजना, २ लाखांचं संरक्षण) मात्र आजच घ्या, एका चहाची किंमत आहे.

आणि गोड बोलून गळ्यात मारलेली गुंतवणूक-विमा पॉलिसी नको. पहिली नोकरी लागल्याचं नातेवाइकांत कळलं की दोन आठवड्यांत कुणीतरी फॉर्म घेऊन येतंच. काका असतात, नाही म्हणवत नाही. सही झालीच असेल तर पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते.

यानंतर लांबच्या बचतीचं. पीपीएफ (सरकारचं सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी खातं) १५ वर्षांचं, वर्षाला किमान ५०० आणि कमाल दीड लाख भरता येतात. व्याजदर २०२० मध्ये ७.१ टक्क्यांवर आला आणि पुढे वर्षानुवर्षं तिथेच राहिला. म्युच्युअल फंडाची एसआयपी (दर महिन्याला ठरलेली रक्कम फंडात घालणं) ५०० नंही सुरू करता येते, पण बाजार पडला की आकडा खाली जातो, म्हणून पाच-सात वर्षं लागणार नाहीत तेवढेच पैसे तिथे घाला. ठराविक रकमेसाठी आरडी उत्तम. पगार १ तारखेला होत असेल तर सगळे हप्ते ३ ते ५ तारखेला लावा. २५ तारखेला लावलेला हप्ता परत गेला की बँक दंड कापते ते वेगळंच.

पायरी ४: हौसेचं खातं

ही सगळ्यात महत्त्वाची आणि लोक जिला सगळ्यात जास्त हसतात ती पायरी. एक वेगळं खातं उघडा. दर महिन्याला ठरलेली रक्कम त्यात टाका. हातात २९,७०० येत असतील तर २,५०० पासून सुरुवात करा. यूपीआय या खात्याला जोडा.

नियम थोडेच आहेत. या पैशांचा हिशोब लिहायचा नाही आणि कुणाला द्यायचा नाही, आईलाही नाही, नवऱ्यालाही नाही. उरले तर पुढच्या महिन्यात चालतात. संपले तर पुढच्या महिन्यातून उसने घ्यायचे नाहीत. आणि सलग तीन महिने ते पैसे तसेच पडून राहिले तर काहीतरी बिनसलंय असं समजायचं. बचतीत शिरायला या पैशांना परवानगी नाही.

शेवटचा नियम माझ्यासारख्यांसाठी आहे. ज्यांच्या घरात पैसा मोजूनमापून आला, त्यांना खर्च करताना छातीत कळ येते. कॉफीचा कप हातात घेतला तरी डोक्यात गुणाकार चालू असतो. त्यांच्यासाठी "मन मारू नका" हा सल्ला काही कामाचा नाही. कारण मन मारायची सवय लागलेल्याला आपण मन मारतोय हेच कळत नाही. त्याला ठरलेली रक्कम, ठरलेलं खातं आणि खर्च करायची सक्ती लागते. पहिल्या वर्षी मी कॅलेंडरवर खुणा केल्या होत्या: महिन्यातून एक नाटक, दोन महिन्यांतून एक किल्ला. बालगंधर्वला किंवा कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात बाल्कनीतलं तिकीट काढायचं. किल्ला म्हणजे राजगड. येण्याजाण्याचा खर्च, गुंजवणेत पोहे आणि परतताना पिठलं-भाकरी. मोठा खर्च नव्हे, पण सोमवारी ऑफिसला जाताना पाय जड व्हायचे ते व्यायामानं.

एकदा या खात्यातून मी १,८०० रुपयांचं शाईपेन घेतलं. रूममेट म्हणाली, "वेडी आहेस का, दहा रुपयांत मिळतं की." आरडीच्या काळात मी तिच्याशी वाद घातला असता, तीन कारणं सांगितली असती. या वेळी फक्त "हो" म्हणाले. ते पेन अजून आहे.

पायरी ५: अंगाला लागणारा खर्च हौसेत मोजू नका

काटकसर करताना आधी बळी जातं शरीर. दात, चष्मा, चप्पल, गादी, हेल्मेट, फळं. हे सगळं आपण 'स्वतःवरचा खर्च' म्हणून हौसेच्या रांगेत उभं करतो आणि मग "पुढच्या महिन्यात बघू" म्हणतो.

माझी डावीकडची दाढ २०१५ च्या जूनमध्ये थंड पाण्यानं ठणकायला लागली. डॉक्टर म्हणाले, कीड वरवर आहे, ८०० मध्ये भरून देतो. मला वाटलं, उजवीकडून चावता येतंय ना. लवंग धरली, लवंगेचं तेल लावलं, पेनकिलर खाल्ल्या. पुढच्या एप्रिलमध्ये एका रात्री गाल कानापर्यंत सुजला. रूट कॅनल, कॅप, चार फेऱ्या, दोन दिवस बिनपगारी रजा. बिल ८,५००. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरला, पेन्सिलीचं टोक एका काळ्या ठिपक्यावर टेकवलं आणि म्हणाले, "गेल्या वर्षी एवढंच होतं." ते ८०० वाचवून मी कुठे ठेवले होते, तर पुन्हा काढलेल्या आरडीत. तिथे त्यांच्यावर वर्षाला सत्तरेक रुपये व्याज मिळालं असेल.

म्हणून महिन्याला १,००० अंगाच्या खर्चाचे बाजूला काढा. त्यातून वर्षातून एकदा दात आणि डोळे तपासायचे, नंबर बदलला तर चष्मा लगेच. चालणं जास्त असेल तर बऱ्यापैकी बूट: रस्त्यावरची ३५० ची चप्पल वर्षात तीन वेळा घेण्यापेक्षा १,२०० चे बूट दोन वर्षं घातले तर वर्षाला १,०५० ऐवजी ६०० च पडतात. कॉट बेसिसवर मिळणारी गादी बहुधा मधोमध दबलेली असते. मालकाला म्हणावं, पिंजून द्या. नाही दिली तर स्वतःची घ्या आणि खोली बदलताना टेम्पोत घालून न्या. दुचाकी असेल तर आयएसआय हेल्मेट. यात काही घासाघीस करण्यासारखं नाही.

मेसमध्ये दोन वेळा बटाटाच असेल तर दूध, अंडी, केळी, शेंगदाणे बाहेरून घ्या. हा खर्च 'लागलं' च्या रकान्यात लिहायचा.

आता कर्जाचं, थोडक्यात. क्रेडिट कार्डाचं २०,००० चं बिल आलं आणि तुम्ही 'मिनिमम ड्यू' (कमीत कमी भरायची रक्कम) म्हणून ५ टक्के, म्हणजे १,००० भरले. महिन्याला साडेतीन टक्के व्याज धरलं तर ७०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १२६. हजारातले ८२६ असे गेले, मुद्दल कमी झालं १७४ नं. असं देणं अंगावर असेल तर एसआयपी थांबवा, अडीनडीचा फक्त पहिला टप्पा ठेवा आणि बाकी सगळं कार्डावर ओता. हौसेचं खातं तेवढं ५०० वर आणून चालू ठेवा, बंद करू नका. बंद केलंत तर तीन महिन्यांनी कार्डच पुन्हा बाहेर येईल. फोनसाठी नो-कॉस्ट ईएमआय, म्हणजे 'बिनव्याजी' हप्ता, दिसला तर आधी विचारा, एकरकमी दिले तर किती कमी कराल? प्रोसेसिंग फी किती? बऱ्याचदा तिथेच 'नो-कॉस्ट' ची हवा निघते. मी आता उलटं करते. जो हप्ता परवडेल तो सहा महिने स्वतःच्या आरडीत भरते. सहा महिन्यांनी फोन हवासा वाटलाच तर रोख घेते. दोनदा वाटला, एकदा नाही.

पायरी ६: वर्षातून एकदा येणारे खर्च बारा महिन्यांत वाटा

दिवाळी, मे महिन्यातली लग्नं, आहेर, गाडीचा विमा, भावाची फी. हे अचानक येत नाहीत, तरी दर वर्षी आपण दचकतो. यादी करा, बेरजेला १२ नं भागा, तेवढे दर महिन्याला काढा. आहेराची रक्कम नातं बघून आधीच ठरवून ठेवा, म्हणजे मांडवात पाकिटावर नाव घालताना भावनेच्या भरात एक शून्य वाढत नाही. घरी जाण्यासाठी एसटी असेल तर महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. दिवाळीत ट्रॅव्हल्सचे भाव बघून हे विशेष आठवतं.

ऑफिसातली भिशी चालेल, रक्कम लहान आणि माणसं रोज समोर दिसणारी असतील तर. तिच्यात व्याज नाही, पण शिस्त आहे, आणि महिन्याच्या भेटीत कुणीतरी समोसे आणतंच. सराफाकडच्या अकरा महिन्यांच्या योजनेत पैसे भरण्याआधी हे लक्षात घ्या की ती बँकेतली ठेव नाही, तिला ठेव विमा नाही आणि शेवटी दागिना घेताना ३ टक्के जीएसटी द्यावाच लागतो, बऱ्याचदा घडणावळही. सोनं अंगावर घालायची हौस असेल तर जरूर घ्या, हॉलमार्क बघून. मग ते हौसेतच धरा, बचत म्हणू नका.

एक महिना मांडून पाहू

हातात २९,७००. कॉटचे लाइटबिलासह ८,०००, मेस ४,०००, येणंजाणं १,८००, रिचार्ज ३५०, चहा-नाश्ता २,०००, साबण-किराणा १,५००, घरी ३,०००. हे झाले २०,६५०. अडीनडीला २,०००, एसआयपी किंवा पीपीएफ १,५००, वर्षाच्या खर्चांना १,५००, अंगाला १,०००, हौसेला २,५००. एकूण २९,१५०. उरलेले ५५० तसेच राहू द्या, कुठला तरी खर्च विसरलेलाच असतो.

बचत ३,५०० च दिसते म्हणून नाक मुरडू नका. त्यात पीएफचे २,९५० मिळवा. घरी जास्त पाठवावे लागत असतील तर एसआयपी ५०० वर आणा, पण घरच्यांना एक आकडा स्पष्ट सांगा. "लागतील तसे पाठवते" या वाक्यानं दोन्हीकडचा हिशोब बिघडतो. मी वडिलांना पहिल्यांदा "अप्पा, तीन हजार, पाच तारखेला" असं सांगितलं तेव्हा फोनवर दोन क्षण शांतता होती. मग म्हणाले, "बरं झालं सांगितलंस, मी दुधाचा हिशोब तसा लावतो."

पगारवाढ झाली की वाढलेल्या रकमेचे दोन भाग करा, एक बचतीला आणि एक राहणीमानाला, त्यात हौसेचं खातंही आलं. २,४०० वाढले तर १,२०० एसआयपीत, ४०० हौसेत, ८०० बाकीच्या जगण्यात. वाढीव पगाराची पहिली स्लिप येईल त्याच दिवशी ॲप उघडून हप्त्याची रक्कम बदला. मे उजाडला की लग्नं सुरू होतात आणि मग ते राहूनच जातं.